भरवणारी

पेशंट व्हायची पाळी तिच्यावर आली तेव्हा वर्गात सगळे हसले, आणि तीही हसली. वर्ग म्हणजे वृद्धाश्रमाचीच तळमजल्यावरची व्यायामाची खोली. सायकली कोपऱ्यात सरकवून मधोमध एक रिकामी कॉट मांडली होती, भोवती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मावश्या, वॉर्डबॉय आणि नर्सेस, आणि दारापाशी फोन हातात धरून उभ्या मॅनेजरबाई. शिकवायला आलेल्या सिस्टर मोठ्या हॉस्पिटलातल्या होत्या. किरकोळ अंगाच्या, सर्दी झालेल्या, बोलताना सारख्या रुमाल शोधणाऱ्या. त्यांनी सांगितलेला नियम सोपा होता: पेशंटनं बोलायचं नाही, हात चादरीखाली ठेवायचे, बाकी जसं वाटेल तसं वागायचं. भरवायला लंबू उभा राहिला. लंबू म्हणजे पुरुषांच्या मजल्यावरचा वॉर्डबॉय, दारातून आत येताना सवयीनं मान तुकवणारा. त्याच्या हातात केळं कुस्करून दुधात कालवलेली वाटी. तिनं मनाशी ठरवलं होतं, सगळी वाटी चाटूनपुसून खायची आणि लंबूला बक्षीस मिळाल्यासारखं वाटू द्यायचं. पण कॉटवर अर्धवट आडवं पडल्यावर खोलीच वेगळी झाली. पंख्याचा मळलेला पोटाचा भाग दिसला, लंबूची हनुवटी खालून दिसली, तिथला दाढी करताना राहून गेलेला केसांचा ठिपका दिसला, आणि वरून कुठून तरी, आपल्या नजरेच्या टप्प्यात यायच्या आधीच, चमचा ओठाला लागला. गार. ‘आ करा बघू,’ लंबू म्हणाला, ‘एकच घास, माझ्यासाठी. शाब्बास.’ वर्गात हशा पिकला, कारण ते वाक्य तिचं होतं, हेल तिचा होता, ‘माझ्यासाठी’वरचा तो लाडिक जोरसुद्धा तिचाच. आणि तिचं तोंड मिटलं. तिनं मिटलं नाही, ते मिटलं. जसं दार वाऱ्यानं लागतं. लंबूनं चमचा खालच्या ओठावर जरासा दाबला, तेही तिच्याच पद्धतीनं. दुधाचा ओघळ हनुवटीवरून मानेकडे निघाला आणि तो पुसायला हात वर येईना, कारण हात चादरीखाली होते आणि नियम म्हणजे नियम. तेवढ्या वेळात तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. तिला लंबूचा राग आला नव्हता. तिला त्याची दया येत होती. बिचारा इतक्या उंचावरून वाकून उभा आहे, सगळे बघताहेत, आपण तोंड उघडलं नाही तर त्याचा पोपट होईल. म्हणून तिनं तोंड उघडलं आणि घास गिळला.

‘काय वाटलं?’ सिस्टरांनी विचारलं. त्या हसल्या नव्हत्या.

‘काही नाही,’ ती उठून बसत म्हणाली. ‘जरा गार होतं.’

तिला सगळे चमचाताई म्हणत. नवीन आलेल्या माणसाला आधी वाटे की ही मॅनेजरबाईंची खास, वर कान भरणारी, म्हणून हे नाव. मग कोणी तरी हसून खुलासा करी. चमचेगिरीशी तिचा दूरान्वयानंही संबंध नव्हता; मॅनेजरबाईंशी तर तिचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं. नाव पडलं होतं ते भरवण्यावरून. ज्यानं दात-ओठ आवळले आहेत, ज्यानं नर्सच्या हाताला चावा घेतला आहे, जो सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडला आहे, त्याच्याकडे शेवटी तिला पाठवत. ती स्टूल ओढून बसे, आधी जेवणाकडे बघतच नसे. कुठलंसं बोलणं काढी. पाण्याच्या टाकीचं, शेजारच्या खोलीतल्या आजींच्या घोरण्याचं. चमचा कधी तोंडाशी गेला हे त्या माणसालाही कळत नसे. खालच्या ओठाला स्पर्श, गालावर अंगठ्यानं हलकासा दाब, श्वास सोडून झाल्यावरचा तो नेमका क्षण. तिचा ह्यात हातखंडा होता आणि तिला त्याचा अभिमान होता. अभिमान हा शब्द तिनं स्वतः वापरला नसता. पण रिकामी वाटी घेऊन कॉरिडॉरमधून स्वयंपाकघराकडे जाताना ती वाटी जराशी कलती धरी, समोरून येणाऱ्याला तळ दिसावा म्हणून.

आणि आता ह्या सर्दीवाल्या सिस्टर, कुठून तरी येऊन, मऊ आवाजात सांगत होत्या की शेवटच्या दिवसांत माणसाला भूक लागत नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर न लिहिता सांगितलं होतं: बरं करता येत नसतं तेव्हाही बरं वाटेल असं करणं. ते सगळ्यांना पटलं होतं. कूस कशी बदलायची, टाचेखाली उशी कशी द्यायची, बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरच्या आठीवरून दुखणं कसं ओळखायचं, हे सगळं तिनं मन लावून ऐकलं होतं. काही माहीत होतं, बरंचसं नव्हतं. पण जेवणावर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, ‘जेवण थांबलं म्हणून माणूस जातो असं आपल्याला वाटतं. खरं उलटं असतं. माणूस निघालेला असतो, म्हणून जेवण थांबतं. शरीरानं आवराआवर सुरू केलेली असते. तेव्हा आपण घास कोंबला तर तो छातीत जातो, नाही तर नुसता जड होऊन पडतो. त्यानं मागितला तर द्यायचा, एक चमचा, अर्धा चमचा. नाही मागितला तर तोंड ओलं ठेवायचं. तेवढंच.’ लंबूनं तिच्याकडे चोरून पाहिलं. तिला वाटलं, सगळे आपल्याकडेच पाहताहेत. जसं एखाद्या सुताराला कोणी येऊन सांगावं की आता लाकूड वापरायचं नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या सीटवर एक बाई आपल्या बाळाला बाटलीनं दूध पाजत होती. बाळ पीत होतं, थांबत होतं, बाटलीच्या बोंडाशी जिभेनं खेळत होतं, आणि एका क्षणी त्यानं मान वळवली. संपलं. बाईनं बाटलीला झाकण लावून ती पिशवीत टाकली. किती सोपं, तिला वाटलं. मग वडील आठवले. वडील तिला रोजच आठवत, पण ते रोजचं आठवणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोसारखं. बघतो आणि बघत नाही. आज ते आठवले ते खाटेवरचे. तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती परत माहेरी येऊन राहिली होती, कारण आई आधीच गेलेली आणि भाऊ परगावी. कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले वडील, हाताची बोटं लोखंडासारखी, ती बोटं चादरीवर ठेवून निपचित पडलेले. तेव्हाच तिला भरवायची कला सापडली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा वडील कितीतरी अधिक टिकले, आणि शेजारपाजारचे येऊन म्हणत, हिनं हातानं जगवलं हो बापाला. त्याच बळावर पुढे ती वृद्धाश्रमात नोकरी मागायला गेली. अनुभव काय, असं विचारल्यावर तिनं हेच सांगितलं होतं. बस वळणावर कलली आणि तिला चादरीखालचे आपले हात परत जाणवले. तिनं पर्स घट्ट धरली. घरी नवऱ्यानं विचारलं, कसं झालं ट्रेनिंग, तर ती म्हणाली, ‘त्या बाईंना आधी सर्दीवर काही तरी शिकवायला हवं.’ नवरा हसला. तीही हसली, पण जेवताना तिनं नेहमीसारखं त्याच्या ताटात न विचारता वाढलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं एकदा ताटाकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

पुरुषांच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत दीर्घकाका होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. वृद्धाश्रमात आले त्याच दिवशी त्यांनी जेवणघराच्या फळ्यावरच्या ‘दुध’ ह्या शब्दातला उकार खडूनं दीर्घ केला होता, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनी तो हट्टानं परत ऱ्हस्व लिहिला तेव्हा परत दीर्घ केला होता. उंचीनं ते ऱ्हस्वच होते, पण नाव पडलं दीर्घकाका. आता त्यांचं हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही थकली होती. हॉस्पिटलात दोनदा जाऊन आल्यावर त्यांनी डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं होतं, परत नाही, आता जे काय व्हायचं ते ह्या खोलीत, ह्या खिडकीशी. डॉक्टरांनी मान्य केलं होतं. खरं तर हे प्रशिक्षण मॅनेजरबाईंनी ठरवलं त्यामागे तेच कारण होतं. आजवर माणूस अखेरीला लागला की अँब्युलन्स बोलवायची आणि पाठवून द्यायचं, अशीच इथली रीत. इथं कोणाला जाऊ द्यायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रशिक्षणाचा तिसरा वर्ग संपल्यावर ती दुपारचं सूप घेऊन त्यांच्याकडे गेली. स्टूल ओढलं. बोलणं काढलं, फळ्यावर आज ‘उप्पीट’ नाही म्हणून कशी बोंबाबोंब झाली ते. म्हणजे असलं काही तरी. नंतर तिला आठवेना नेमकं काय. चमचा वर उचलला आणि तो मधेच थांबला. आजवर असं झालं नव्हतं. हात अधांतरी, चमच्यातलं सूप हलतंय, आणि दीर्घकाका त्या चमच्याकडे नाही, तिच्याकडे बघताहेत. डोळे खोल गेलेले, पण आत कोणी तरी चष्मा सावरून बसलंय असे.

‘काका, नको आहे का?’ तिनं विचारलं.

‘तू छान भरवतेस,’ ते म्हणाले. आवाज पातळ, कागदासारखा. ‘म्हणूनच पंचाईत होते.’

‘कसली?’

‘तुला नाही म्हणवत नाही.’

तिनं चमचा वाटीत ठेवला. वाटी टेबलावर ठेवली. मग काय करावं ते सुचेना म्हणून पदराला हात पुसले. त्यांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर, तिला खोटं सांगायचं नव्हतं स्वतःला, सुटल्यासारखं काही तरी होतं. शाळा लवकर सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर असतं तसं. ती खिडकीशी उभी राहिली. खाली गेटपाशी वॉचमन पाइपनं झाडांना पाणी घालत होता आणि एकाच झाडाला फार वेळ घालत होता, विचारात हरवल्यासारखा. आणि मग, कुठलीच चाहूल न देता, ते वर आलं. वडिलांच्या गालातला घास. वडील गेले त्या सकाळी तिनं त्यांना कस्टर्ड भरवलं होतं, आणि ते त्यांनी खाल्लं होतं, तिनं सगळ्यांना तसं सांगितलंही होतं, अगदी शेवटपर्यंत खात होते. पण ते गेल्यावर त्यांचं तोंड पुसताना तिच्या बोटाला डाव्या गालाच्या आत तो घास लागला होता. पिवळसर, मऊ, न गिळलेला. नीट एका बाजूला ठेवलेला. तिनं तो काढून टाकला होता आणि ह्या गोष्टीवर मनाचं झाकण घालून टाकलं होतं. इतकं घट्ट की त्याखाली काही आहे हेच ती विसरली होती.

तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती खिडकीच्या गजाला धरून त्याची वाट पाहत राहिली. पण आलं ते दुसरंच. नाही हा शब्द वडिलांच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. दारावर कंगवे विकायला आलेल्या माणसाकडून ते कंगवा घेत, आणि त्यांना पुरतं टक्कल होतं. कोणाकडे गेले की मिळेल तितक्या वेळा चहा पीत आणि रात्रभर पोट धरून बसत. एकदा एका लग्नात यजमानानं आग्रहानं वाढलेला लाडू त्यांनी हळूच रुमालात बांधून खिशात टाकला होता, आणि घरी आल्यावर आईनं खिसा उलटा केला तेव्हा ते लाजून म्हणाले होते, ‘अगं, त्याचं मन मोडवेना.’ गालात ठेवलेला घास म्हणजे तोच लाडू. तिचं मन मोडवेना. जाता जाता, अगदी उंबऱ्यावर, श्वास पुरत नसताना, ह्या माणसाला सुचलं काय, तर लेकीचा घास दिसणार नाही असा ठेवावा. खिडकीशी उभ्या उभ्या तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं. मागे दीर्घकाका शांत झोपले होते. तिला वाटलं, इतक्या वर्षांत वडील आपल्याला आज पुरते भेटले. ती म्हणत आली होती की तिनं त्यांना भरवलं. भरवत तर ते होते तिला, रोज, तोंड उघडून.

दीर्घकाकांची मुलगी आली ती दोन दिवसांनी. दूरच्या शहरात नोकरी करणारी, चेहरा प्रवासानं सुकलेला, बॅग खोलीच्या दारातच टाकून आत आलेली. तिच्या हातात डबा होता. कुणा मैत्रिणीकडे उतरून तिनं सकाळी उठून स्वतः करून आणलं होतं, मऊ भात आणि वर पातळ भाजी. वडिलांनी डोळे उघडले, तिला ओळखलं, बोटं हलवली. तिनं डबा उघडला. त्यांनी डोळे मिटले. तिनं चमचा तोंडाशी नेला, बाबा, बाबा म्हणत. ओठ उघडले नाहीत. मग ती कॉरिडॉरमध्ये आली आणि तिनं चमचाताईला गाठलं.

‘तुम्हीच ना त्या? बाबा फोनवर सांगायचे. तुमच्या हातून कुणीही खातं म्हणे.’

‘खायचे, ताई.’

‘मग भरवा ना त्यांना. चार घास. दोन दिवस काही नाही म्हणे पोटात. असं कसं चालेल? तुम्ही सगळे नुसते बघत बसलाय.’

मॅनेजरबाई ऑफिसच्या दारात आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांना कटकट नको होती. चार घास गेले तर सगळेच सुटतील, असं त्यांचा चेहरा म्हणत होता. आणि गंमत म्हणजे चमचाताईला ते येत होतं. तिच्या बोटांना येत होतं. ओठाला स्पर्श, गालावर अंगठा, श्वासाचा तो क्षण; दीर्घकाका तोंड उघडतील, तिला नाही म्हणवत नाही म्हणून उघडतील. मुलगी आनंदानं रडेल आणि म्हणेल, जादू आहे तुमच्या हातात. तिनं हात पाठीशी नेले. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं तेच न करणं, हे किती जिवावर येतं, हे कोणी शिकवलं नव्हतं. सिस्टरांनीही नाही.

‘ताई, मी भरवलं तर ते खातील,’ ती म्हणाली. ‘पण ते माझ्यासाठी खातील. त्यांना नकोय. मला त्यांनी स्वतः सांगितलंय.’

‘म्हणजे उपाशी ठेवायचं?’

‘त्यांना भूक लागत नाहीये. उपाशी म्हणजे भूक आहे आणि मिळत नाही. हे तसं नाही.’ ती थांबली. सिस्टरांची वाक्यं तिला आठवत होती, पण ती दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी वाटत होती. ‘माझे वडील गेले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी भरवत राहिले. ते घेत राहिले. मला वाईट वाटू नये म्हणून.’

मुलीचा चेहरा लहान मुलासारखा विस्कटला. ‘मग मी करू काय?’ ती म्हणाली. ‘मी इतक्या लांबून आले. मी नुसती बसू?’

‘नुसतं नाही. या माझ्याबरोबर.’

चमचाताईनं तिला हात धुवायला लावले. स्पंजची काडी पाण्यात बुडवून, कडेला निपटून, ओठांच्या आतून कशी फिरवायची ते दाखवलं. आधी स्वतःच्या हातानं, मग मुलीच्या हातावर हात ठेवून. मुलीनं डब्यातल्या भाजीचं नुसतं पाणी काडीच्या टोकाला लावलं आणि विचारलं, एवढं चालेल? चालेल, ती म्हणाली. काडी जिभेला लागल्यावर दीर्घकाकांच्या भुवया जराशा वर गेल्या. ‘मीठ कमी आहे म्हणताहेत,’ मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. ओठांना मलम लावलं. केस विंचरले. कूस बदलताना मुलगी एका बाजूला, चमचाताई दुसऱ्या बाजूला, आणि लंबू पायांशी. आणि उशी टाचेखाली. डब्यातला बाकीचा भात नंतर मुलीनं स्वतःच, खिडकीशी बसून, बोटांनी खाल्ला. चमचाताईला ते बघायला फार बरं वाटलं. कोणी तरी जेवत होतं.

पुढचे दिवस त्या खोलीत विलक्षण निवांत गेले. बाहेर कॉरिडॉरमध्ये नेहमीचं चालू होतं, ट्रॉल्या, टीव्ही, वरच्या मजल्यावरच्या घोरणाऱ्या आजींची तक्रार. आणि आत मुलगी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. तिला ते आपोआप सुचलं होतं. वाचता वाचता ती थांबायची आणि म्हणायची, ‘बाबा, बघा, ह्यांनी परत आर्शिवाद छापलाय. रफार शच्या डोक्यावर.’ आणि दीर्घकाकांचं बोट चादरीवर हलायचं, खोडल्यासारखं. मुलीची तशी खात्री होती. चमचाताईला काही ते नक्की खोडणं वाटलं नाही, बोटं अशीही हलतात. पण तिनं मुलीला ते खोडणंच राहू दिलं. तिचं काम होतं दर थोड्या वेळानं आत यायचं, कपाळ बघायचं, आठी दिसली तर नर्सला सांगायचं आणि मग स्टूलवर बसायचं. नुसतं. ह्या नुसतं बसण्याची तिला आधी लाज वाटे. कोणी बघितलं तर म्हणेल, पगार कशाचा घेते. हात मांडीवर कसे ठेवायचे तेच कळेना. पण हळूहळू हात शिकले. एकदा तिनं दीर्घकाकांच्या मनगटावर नुसता तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण ह्या माणसांना हात लावला तो काही तरी आत घालायला, काढायला, पुसायला, उचलायला. नुसता लावायला नाही. त्यांची कातडी कोरडी, उबदार होती, आणि त्याखाली नाडी आपल्या चालीनं चालली होती, कुठं घाई नाही.

एका दुपारी श्वासाला घरघर लागली. लंबूनं ऐकलं आणि तो पांढराफटक पडला. ‘ताई, अँब्युलन्स. बोलावतो मी,’ तो म्हणाला, आणि दारातून बाहेर पडताना पहिल्यांदाच मान तुकवायला विसरून चौकटीवर आदळला. तीही अर्धवट उठली होती. आजवर असा आवाज आला की सगळे धावत. धावणं हेच काम असे. पण ह्या आवाजाबद्दल वर्गात ऐकलं होतं, सिस्टरांनी तो स्वतःच्या चोंदलेल्या नाकानं काढूनही दाखवला होता आणि तेव्हा सगळे हसले होते.

‘अँब्युलन्स नको,’ ती म्हणाली. ‘नर्सला बोलाव. आणि डोकं चोळ आधी.’

त्यांना एका कुशीवर वळवलं, डोक्याखालची उशी उंच केली. नर्सनं येऊन जिभेखाली औषधाचे थेंब घातले. घरघर ओसरली. मॅनेजरबाई आल्या, फोन हातात, आणि खोलीतली शांतता बघून त्यांनी तो फोन खिशात ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिनं त्यांना असं कशाला तरी टेकलेलं पहिल्यांदाच पाहिलं. श्वास आता लांब अंतरानं येत होते. मुलगी दर वेळी चमचाताईकडे बघे, आणि ती मान हलवी, थांबा. आणि मग श्वास येई. मुलगी बोलत होती, हळू, कुठल्या तरी बालपणातल्या गोष्टी, एका सायकलीबद्दल, एका हरवलेल्या चपलेबद्दल, ती चप्पल कुणी लपवली होती हे आता सांगते म्हणाली. कॉरिडॉरमधून चहाची ट्रॉली गेली, कप एकमेकांवर किणकिणले. तो आवाज दूर गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढचा श्वास आलेला नाही. लंबूनं कपाळावरच्या टेंगळावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

‘झालं?’ मुलीनं विचारलं.

‘झालं, ताई.’

मुलीनं वडिलांच्या केसांवरून हात फिरवला. ‘इतकंच असतं?’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आश्चर्य होतं, दुःखाच्याही आधी आलेलं.

शेवटच्या वर्गाला सिस्टर आल्या तेव्हा त्यांची सर्दी गेली होती आणि आवाज इतका खणखणीत निघाला की सगळ्यांना त्या कोणी वेगळ्याच वाटल्या. त्यांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. लंबूनं टेंगूळ दाखवलं. मॅनेजरबाई म्हणाल्या की आता अँब्युलन्सच्या आधी नर्सला हाक मारायची असं ठरलंय. वडिलांचं सांगावं असं एकदा चमचाताईच्या ओठांवर आलं होतं, पण ते इतकं आतलं आणि इतकं गोड होतं की बाहेर काढलं तर हवेनं बिघडेल असं वाटलं. वर्ग सुटल्यावर सिस्टर तिच्याजवळ आल्या. ‘तुम्ही त्या दिवशी तोंड मिटलंत,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मग उघडलंत. मी विचार करत होते, का उघडलंत.’ ‘तो फार उंच आहे हो,’ ती म्हणाली. ‘वाकून वाकून पाठ गेली असती त्याची.’ सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्या हसल्या.

कोपऱ्यातली खोली धुऊन, गादी उन्हात घालून, खिडकी दिवसभर उघडी ठेवून परत लावली. मधे काही दिवस गेले. मग तिथं एक बाई आल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आयुष्यभर मुलींना पोहायला शिकवलेल्या. केस अजूनही कापलेले, नजर थेट. तिसऱ्या, बायकांच्या मजल्यावर जागा होईपर्यंत इथंच राहणार होत्या. दुपारी ती ताट घेऊन आत गेली तेव्हा त्या भिंतीला पाठ टेकून कॉटवर बसल्या होत्या आणि त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

‘तुमच्याबद्दल ऐकलंय मी,’ त्या म्हणाल्या. ‘जेवणघरात एक बाई सांगत होत्या. तुम्ही भरवता म्हणे सगळ्यांना, हवं असो नसो.’

तिनं ताट टेबलावर ठेवलं. स्टूल ओढलं आणि बसली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, जमिनीवर तिरपं पडलं होतं, आणि फरशी नुकतीच पुसल्यामुळे अजून ओली चमकत होती.

‘भूक लागलीय का तुम्हाला?’ तिनं विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं, काही तरी तयार उत्तर द्यायला, आणि परत मिटलं. हा प्रश्न त्यांना बऱ्याच काळात कोणी विचारला नसावा. त्यांनी खरोखरच विचार करायला सुरुवात केली. एक हात पोटावर ठेवला, डोळे बारीक केले, आतलं काही ऐकत असल्यासारख्या थांबल्या. चमचाताईनं हात मांडीवर ठेवले. तिला घाई नव्हती.